न सांगितलेली नाडी

श्याम शिवलकर हा कंपौंडर. पण तेली आळीतल्या त्या दवाखान्यात येणारी निम्मी माणसं त्यालाच डॉक्टर समजायची, आणि उरलेली निम्मी, तो डॉक्टर नाही हे ठाऊक असूनही, आपलं दुखणं आधी त्याच्याच कानावर घालायची. मॅट्रिकला गणितात गटांगळी खाल्ल्यावर तो या दवाखान्यात बाटल्या धुवायला लागला, आणि अकरा वर्षांत औषधं बनवण्यापासून जखमा बांधण्यापर्यंत सगळं शिकला. बाजारात कुणी "काय डॉक्टर?" अशी हाक मारली, तर तो नको नको म्हणायचा, पण थांबायचा.

खरे डॉक्टर म्हणजे चारुदत्त जोग. माणूस कमी बोलणारा, पण शिकवायची हौस दांडगी. नाडी कशी पाहायची हे त्यांनी श्यामला स्वतःचं मनगट पुढे करून शिकवलं होतं. तीन बोटं ठेवायची, घड्याळाकडे बघायचं, आणि पुरतं एक मिनिट मोजायचं. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, हा त्यांचा दंडक. लय चुकत असली तर ती कधीकधी उरलेल्या अर्ध्या मिनिटातच सापडते, असं ते म्हणायचे. आणि सापडली, तर मी जेवत असलो तरी मला उठवायचं, हेही त्यांनी सांगून ठेवलं होतं.

सत्तावन्न सालच्या जूनमध्ये मुंबईहून आलेल्या माणसांबरोबर फ्लू रत्नागिरीत उतरला. आधी एकदोघे, मग घरंच्या घरं. शाळा ओस पडल्या, कचेरीत दोन कारकून आणि एक शिपाई एवढेच उरले. दवाखान्याची रांग पायऱ्या उतरून रस्त्यावर गेली. छत्र्या मिटून भिंतीला टेकलेल्या, आणि त्यांच्या शेजारी तशीच टेकलेली माणसं. श्याम सकाळी सातला मिक्स्चरचं मोठं भांडं भरायचा, ते दहाला रिकामं व्हायचं. बहुतेक माणसं पाचसहा दिवसांत उठायची. काही म्हातारी माणसं गेली, पण ती पावसाळ्यात जायचीच, असं लोक म्हणाले आणि पुढे झाले.

खाडीकाठच्या राजिवड्याचे अहमद होडेकर जूनच्या शेवटी आडवे झाले. शिडं शिवणारा माणूस. वय अठ्ठेचाळीस, अंगानं सडसडीत, हाताची बोटं मात्र दोरखंडासारखी. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवल्या की त्यांचा हंगाम सुरू व्हायचा. घराच्या पडवीत शीड पसरायचं, तळहाताला चामड्याची पट्टी बांधायची, आणि दाभण घेऊन बसायचं ते नारळी पौर्णिमेपर्यंत. त्यांनी घातलेली शिवण वाऱ्यानं फाटत नाही, अशी मिरकरवाड्यापासून नाटे बंदरापर्यंतच्या, होड्या हाकणाऱ्या तांडेलांची खात्री होती. त्यामुळे सात दिवस तापात गेले, तेव्हा घरात त्यांच्या बायकोला, कनीजभाभींना, जेवढी काळजी लागली, तेवढीच तांडेलांना. ताप उतरला, बकरी ईदच्या नमाजाला अहमदभाई चालत गेले, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

त्यानंतर आठवड्यानं ते दवाखान्यात आले. दुपारचे दोन वाजत आले होते. तीन पायऱ्या चढून आले, आणि दारातल्या बाकावर बसून राहिले, मध्येच थांबावं लागल्यासारखे.

त्याच दिवसांत चारुदत्त डॉक्टरांनाही तापानं गाठलं होतं. चौथ्या दिवशी अंग थोडं गार झालं, आणि ते वरच्या माडीवर पहिल्यांदाच शांत झोपले होते. खाली श्याम एकटा आणि अठरा माणसं.

अहमदभाईंनी सांगितलं, ताप गेला तो गेलाच, पण दम पुरत नाही. शीड ओढून घेतलं की छातीत काहीतरी फडफडतं. आणि काल एक अजब झालं. शिवता शिवता उजव्या हाताची बोटं बधिर झाली, दाभण हातातून गळून पडली. थोडा वेळ उचलताच आली नाही. मग आपसूक बरं वाटलं.

श्यामनं त्यांचं मनगट धरलं. दोन ठोके नीट आले. मग एक गेला. मग तीन एकामागोमाग धावत आले, आणि पुन्हा मोकळी जागा. त्यानं घड्याळाकडे पाहिलं. अर्धं मिनिट झालं होतं. तो थांबला नाही, पुरतं मिनिट मोजलं, किंवा मोजायचा प्रयत्न केला, कारण त्या नाडीचा हिशोब लागत नव्हता. अशी नाडी त्याच्या बोटांखाली पूर्वी दोनदाच आली होती, आणि दोन्ही वेळेस डॉक्टरांनी हातातलं काम टाकलं होतं.

वर जाणारा जिना त्याच्या पाठीमागे होता. चौदा पायऱ्या.

जावं की नाही, याचा विचार त्यानं केला, हे त्याला नंतर कधीच नाकारता आलं नाही. डॉक्टर चार दिवसांनी झोपले होते. रांगेत एक बाई तापलेलं मूल घेऊन उभी होती. आणि अहमदभाईच म्हणाले की साहेबांना उठवू नका, मी पुन्हा येईन. पण याहून खोल आणखी एक गोष्ट होती. ते चार दिवस दवाखाना श्यामनं एकट्यानं चालवला होता, कुणाचं काही बिघडलं नव्हतं, आणि वर जाऊन 'मला हे कळत नाही' असं सांगणं त्याच्या जिवावर आलं होतं.

"तापाचा अशक्तपणा आहे, अहमदभाई," तो म्हणाला. "आठपंधरा दिवसांत जाईल. बसून राहू नका, कामात असा, हातपाय हलते राहू देत. त्यानंच ताकद येते."

अहमदभाईंचा चेहरा उजळला. चार शिडं बाकी होती आणि तांडेल रोज पडवीत येऊन बसत होते. "तुमी सांगितलां म्हंजे झालां," ते म्हणाले, आणि टॉनिकची बाटली पिशवीत घालून पायऱ्या उतरून गेले. श्यामनं पुढच्या माणसाला बोलावलं. डॉक्टर खाली आले, तेव्हा त्यानं दिवसभराचं सगळं सांगितलं. ही एक गोष्ट सांगायची राहिली असं म्हणता येणार नाही. त्यानं ती वगळली.

सहाव्या दिवशी सकाळी अहमदभाईंचे शेजारी फारुक सुतार धापा टाकत आले. डॉक्टर नुकतेच कामाला लागले होते, अजून अंगात त्राण नव्हतं, तरी बॅग घेऊन निघाले. श्याम मागोमाग.

पडवीत अहमदभाई अर्ध्या शिवलेल्या शिडावरच आडवे होते. त्यांना हलवायला कुणाला धीर झाला नव्हता. तोंड डावीकडे ओढलं गेलेलं, उजवा हात आणि पाय ओल्या कापडासारखे पडलेले. डोळे मात्र उघडे आणि पूर्ण शुद्धीवर. ते काहीतरी सांगू बघत होते आणि तोंडातून एकच शब्द बाहेर पडत होता, "झालां... झालां..."

डॉक्टरांनी मनगट धरलं. मग नळी छातीला लावली आणि बराच वेळ काढली नाही. उठून त्यांनी कनीजभाभींना विचारलं, याआधी यांना काही त्रास होत होता का?

"दम लागत होता," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात जाऊन आले होते. औषध आणलां."

डॉक्टरांनी श्यामकडे वळून पाहिलं. सगळं सांगून टाकायला तो क्षण पुरेसा होता. तिथे, त्या पडवीत, अहमदभाईंच्या समोर.

"अशक्तपणा वाटतो म्हणाले होते," श्याम म्हणाला.

परतीच्या वाटेवर पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढताना डॉक्टर दर दहा पावलांवर थांबत होते. थांबले की थोडं बोलत होते. या तापात कुणाकुणाच्या हृदयाच्या स्नायूला सूज येते. माणूस बरा झाला असं वाटतं आणि आत हृदय वेडंवाकडं चालत असतं. तशात रक्ताची गुठळी धरते, आणि ती सुटून मेंदूत जाऊन अडकली की असं होतं. आधी कळलं तर महिनाभर अंथरुणात झोपवून ठेवायचं, नाडी काबूत येईल असं औषध द्यायचं. मग कित्येक सुधारतात. "कळायला हवं ना पण," एवढं म्हणून ते पुन्हा चालू लागले. श्याम त्यांची बॅग घेऊन मागून चालत होता. त्याला कळलं होतं.

त्याच आठवड्यापासून तो दर रविवारी राजिवड्याला जाऊ लागला. डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे अहमदभाईंचा उजवा हात खांद्यापासून फिरवायचा, बोटं एकेक करून उघडायची, मिटायची. महिन्याभरात ते भिंतीला धरून उभे राहिले. बोलणं मात्र परत आलं नाही. 'झालां' आणि 'हां' हे दोनच शब्द त्यांच्याजवळ उरले, आणि भूक, राग, गंमत, सगळं त्यांना त्यातच सांगावं लागे. अडलेली शिडं कनीजभाभींनी पुरी केली. त्या शिवत आणि अहमदभाई डाव्या हातानं काठीनं दाखवत, इथे टाका दाट, इथे विरळ. चुकलं की काठी जमिनीवर आपटत. नारळी पौर्णिमेनंतर होड्या त्याच शिडांवर गेल्या, एकच तेवढी आठ दिवस उशिरा.

वस्तीत श्यामचं नाव झालं. बघा, कंपौंडर असून केवढी माया. त्याची बायको उमा एकदा कौतुकानं हेच बोलली, आणि तो अर्ध्या ताटावरून उठला.

ऑगस्ट संपता संपता त्याला ते सोसेना. दुपारी रांग सरल्यावर त्यानं डॉक्टरांसमोर उभं राहून सगळं सांगितलं. दोन ठोके, मोकळी जागा, तीन ठोके. बोटं बधिर झाल्याचंही सांगितलं.

"तू मला उठवायला हवं होतंस," ते शेवटी म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "मी त्यांचा हात वाचवला असता की नाही, मला सांगता येत नाही. पण मी त्यांना झोपून राहा म्हटलं असतं."

त्यांनी त्याला काढलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून फ्लू होऊन गेलेल्या प्रत्येकाला तिसऱ्या आठवड्यात बोलावून नाडी बघायची पद्धत सुरू केली, आणि पहिली बोटं श्यामनंच ठेवायची असं ठरवलं. सप्टेंबरात मुलींच्या शाळेतल्या आनंदीबाई परांजपे आल्या. त्यांची नाडी तशीच अडखळत होती. श्याम आत गेला आणि डॉक्टरांना हाताला धरूनच बाहेर घेऊन आला. बाई पाच आठवडे झोपून राहिल्या आणि दिवाळीनंतर शाळेत शिकवू लागल्या. त्यांनी श्यामला नारळ आणि धोतरजोडी पाठवली. नारळ त्यानं घेतला, पण धोतरजोडी परत केली. का, हे बाईंना समजलं नाही.

अहमदभाईंना मात्र तो काही बोलला नाही. दर रविवारी पाखाडी उतरताना ठरवायचा, आज सांगायचं. मग त्यांचा हात हातात घ्यायचा आणि ते त्याच्याकडे बघत राहायचे, एकटक, कपाळाला आठी न घालता. त्या नजरेसमोर त्याची जीभ उचलत नसे. तो म्हणायचा, बोटं आज बरी हलतायत. ते म्हणायचे, "हां."

फेब्रुवारीत त्यांच्या पायांवर सूज चढली, दम बसल्याजागी लागू लागला. डॉक्टरांनी मिरजेच्या इस्पितळात न्या म्हटलं. जायची तयारी झाली, आणि निघायच्या आदल्या दिवशी सकाळी चहाचा कप डाव्या हातात धरलेला असतानाच अहमदभाई गेले.

चाळीस दिवस उलटल्यावर श्याम पुन्हा राजिवड्याला गेला. कनीजभाभी पडवीत शीड शिवत बसल्या होत्या. आता ते त्यांचंच काम झालं होतं. त्यानं उभ्याउभ्याच सांगितलं. जी नाडी लागली ती, जे बोललो ते, आणि जे डॉक्टरांना सांगितलं नाही ते. सांगताना एकदाही थांबला नाही, कारण थांबला असता तर पुढे गेला नसता.

भाभींनी दाभण कापडात टोचून ठेवली.

"मना ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "त्या दिशी घरी येऊन सांगितलां त्यांनी. कंपौंडरनं हात धरला आणि त्याचा चेहरा उतरला, पन बोलला न्हाय काय."

"मग पुन्हा आले का नाहीत ते? डॉक्टरांना का नाही दाखवलं?"

"शिडं होती ना. तुमी काम करा म्हणालात, तेच त्यांना हवां होतां. मी पन म्हटलां, कंपौंडर म्हणतो तर करा." त्यांनी मांडीवरचं कापड सारखं केलं. "तुमच्यावर राग नव्हता त्यांचा, श्यामभाऊ. पन रविवारी तुमी यायच्या वख्ताला ते दाराकडे तोंड करून बसायचे. मना वाटायचां, आज हे सांगतील. त्यांनापन तेच वाटायचां. तुमी हात चोळून निघून जायचात."

श्याम पडवीच्या चिऱ्यावर खाली बसला. समोर खाडीत भरती चढत होती, दोन होड्या बाहेर पडत होत्या. माफी मागायला तो आला होता, ती द्यायला भाभींची ना नव्हती. पण ती ज्याच्याकडे मागायची, तो माणूस सात महिने त्याच्यासमोर बसून होता, ऐकायला तयार होता, आणि उलटून एक शब्द बोलू शकत नव्हता. त्याच्याइतकं सांगायला सोपं माणूस दुसरं कुणी मिळालं नसतं.

भाभी आत जाऊन चहा घेऊन आल्या. त्यानं तो घेतला. मग त्यांनी शिडाची दुसरी कड त्याच्याकडे सरकवली, ताणून धरा म्हणाल्या, एकटीला ताण धरता येत नाही. तो दोन्ही हातांनी कापड धरून बसला, शिवण संपेपर्यंत.