ग्लेंडाच्या हसण्याची गोळी

समजा, तुम्ही एका दुकानात उभे आहात. समोर काचेखाली पांढऱ्या डब्या मांडल्या आहेत, सगळ्यांवर तीच पिवळी पट्टी, तीच लाल खूण. एकीत सुका गांजा, एकीत वळून ठेवलेल्या सिगारेटी, एकीत जिभेखाली टाकायचं तेल, एकीत फळांच्या चवीच्या जेलीच्या गोळ्या. यातलं तुम्ही आयुष्यात काही घेतलेलं नाही. तुमचं वय बाहत्तर. आणि तुम्हाला नेमकं तेच हवं आहे, जे खाऊन तुमची बायको दुसऱ्याच्या घरी हसते. काय मागाल?

ऑर्विल ताकाचुक कानटोपी हातात धरून असाच उभा होता.

ऑर्विलने सारी हयात शाळेची पिवळी बस चालवण्यात काढली होती. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताच्या हिवाळ्यात, रस्ता कुठला आणि शेत कुठलं हे कळत नसताना, त्याने एकही मूल कधी उशिरा पोचवलं नाही. त्यासाठी त्याला तीन शब्द पुरत: बसा, दार, उतरा. घरीही त्याहून फार लागत नसत. ग्लेंडा बोलायची, तो ऐकायचा. आपला संसार छान चाललाय, असं त्याला वाटायचं.

मग गल्लीपलीकडच्या डेल्बर्टची बायको वारली. लोकांनी त्याला एकटं सोडायचं नाही म्हणून दर गुरुवारी त्याच्याकडे पत्त्यांचा डाव बसू लागला. चौघांचा खेळ, दोन-दोन जोडीदार. डेल्बर्टची बहीण नॉरीन, तिचा नवरा, आणि डेल्बर्टच्या समोर त्याची जोडीदार म्हणून ग्लेंडा. डेल्बर्ट पूर्वी लिलाव पुकारायचा. गंजलेला नांगरसुद्धा लोकांना हसवून हसवून खपवणारा माणूस.

एका गुरुवारी रस्त्यावर काच झाल्यासारखा बर्फ साचला, म्हणून ऑर्विल बायकोला आणायला गेला. दार वाजवणार तेवढ्यात आतून तिचं हसणं ऐकू आलं. पोट धरून हसत होती, शेवटी श्वास अडकून नाकातून फुर्र आवाज निघाला. लग्नाआधी ती अशी हसायची. तो दार न वाजवताच परतला.

दोन दिवसांनी गाडीची किल्ली शोधताना तिच्या कोटाच्या खिशात पाकीट सापडलं. लाल खूण असलेलं, आत जेलीच्या गोळ्या. आणि खरं सांगायचं तर ऑर्विलच्या जिवात जीव आला. म्हणजे डेल्बर्ट हसवत नव्हता तर, गोळी हसवत होती. डेल्बर्ट काही दुकानात मिळत नाही, गोळी मिळते.

"मिस्टर ताकाचुक?" काउंटरमागच्या ब्रिएलने चष्मा वर केला. लहानपणी ती त्याच्याच बसने शाळेत जायची. "वाट चुकलात का? किराणा पलीकडे आहे."

"मी वाट चुकत नाही."

"तेही खरंच. पण मागच्या सीटवर हेच ओढताना सापडला म्हणून गॅरीला तुम्ही वर्षभर पुढे बसवलं होतंत. आता आमचं नेहमीचं गिऱ्हाईक आहे तो."

"ग्लेंडा जे नेते ते दे."

"कोण काय नेतं, ते आम्ही सांगत नाही. आई काय नेते ते मी बाबांनाही सांगत नाही."

"मग डेल्बर्ट काय नेतो?"

"तेही नाही. तुम्हाला काय व्हायला हवंय ते सांगा. झोप? गुडघे?"

ऑर्विलने कानटोपी एकदा उलटी केली, एकदा सुलटी. "हसू," तो म्हणाला.

ब्रिएल मात्र हसली नाही. आधी तिने औषधं विचारली. रक्तदाबाची गोळी चालू आहे म्हटल्यावर शेजारच्या औषधवाल्याला विचारून यायला पाठवलं. तो म्हणाला, अगदी थोडी चालेल, पण उठताना सावकाश उठ, भोवळ येऊ शकते. ऑर्विल परत आला. मग तिने समजावलं. धूर लगेच चढतो आणि लवकर उतरतो. खाल्लेलं पोटातून फिरून जातं, म्हणून चढायला दोन तासही लागतात, आणि उतरायला रात्र जाते. लोक फसतात ते इथेच. काही झालं नाही म्हणून दुसरी खातात, आणि मग दोन्ही एकदम चढतात.

"ही अडीच मिलिग्रॅमची, सगळ्यात कमी नशेची. पहिल्या वेळी एवढीच."

"ती शेजारची, पाचाची, डेल्बर्ट घेतो?"

"मिस्टर ताकाचुक."

"त्याच्याहून कमी नको मला."

"ही काय शर्यत आहे? अडीच. आणि गाडी चालवायची नाही."

हे मात्र ऑर्विलला श्वास घेऊ नकोस म्हटल्यासारखं वाटलं. तरी तो अडीचाचीच घेऊन निघाला.

त्या गुरुवारी नॉरीनचा नवरा डोळे दाखवायला सस्काटून शहरात गेला होता आणि डावाला चौथा हवा होता. ऑर्विलने आपणहून 'मी येतो' म्हटल्यावर ग्लेंडा त्याच्याकडे बघतच राहिली. जेवल्यावर त्याने न्हाणीघरात जाऊन गोळी चघळली. गोळीला पीचची चव होती, मागून थोडी गवताची.

"या, या, ड्रायव्हरसाहेब," डेल्बर्ट दारात म्हणाला. "आज बस कुठे लावलीत?"

ग्लेंडा हसली. एवढ्यावर.

तो नॉरीनसमोर बसला. डावीकडे बायको, उजवीकडे डेल्बर्ट, आणि त्या दोघांची नजर टेबलावरून इकडून तिकडे जाताना मधोमध ऑर्विल. पहिला तास काहीच झालं नाही. मग तोंड कोरडं पडलं. चहाबरोबर ठेवलेला खसखशीचा गोड रोल इतका चविष्ट लागला की त्याने तीन तुकडे खाल्ले. आता हसू येईल म्हणून तो वाट बघत बसला.

हसू आलं नाही, मात्र नेहमीपेक्षा जास्त दिसायला लागलं. डेल्बर्टने बोली लावायच्या आधीच ग्लेंडाला ती कळते, हे दिसलं. तिचा कप रिकामा होण्याआधी त्याचा हात किटलीकडे जातो, हेही दिसलं. आपली बायको आज निळा स्वेटर घालून आली आहे आणि तो आपण पहिल्यांदाच पाहतो आहोत, हेसुद्धा.

"राजा टाकलास होय रे, ऑर्विल?" डेल्बर्ट म्हणाला. "सांभाळ. माझी राणी भलती खाष्ट आहे." त्याने राणी टाकून पाहिली, ती राजाखाली गेली, आणि स्वतःचीच फजिती झाल्यासारखं तोंड केलं.

ग्लेंडा पोट धरून हसली. नाकातून फुर्र झालं.

ऑर्विलने तो विनोद मनात दोनदा उलटून पाहिला. त्यात काहीही नव्हतं.

नॉरीनने बशीत गोळ्या काढून फिरवल्या. डेल्बर्टने एक उचलली. "ग्लेंडा, तू नाहीच ना घेणार?"

"नको गं बाई. मागे एकदा खाल्ली तर याच खुर्चीत घोरत पडले होते. नॉरीन, तूच दिलेलं ते पाकीट अजून कोटात तसंच आहे. मला आपला चहा बरा."

ऑर्विलच्या हातातला पत्ता हातातच राहिला. नॉरीन दोनदा म्हणाली, "तुझी पाळी आहे, ऑर्विल." तिसऱ्यांदा त्याला ऐकू आलं.

परतताना दोघं चालतच निघाले. पायाखाली बर्फ करकरत होता. ग्लेंडाने त्याचा दंड धरला. उठताना तो लडखडला होता, ते तिने पाहिलं होतं.

"बरं वाटत नाही का तुला?"

"मी एक गोळी खाल्ली."

"कसली?" मग तिच्या लक्षात आलं. "तू? ऑर्विल, तू? कशाला?"

"मला वाटलं तू खातेस. म्हणून हसतेस तिथे."

"मी काही खात नाही."

"ते कळलं आज."

दंडावरचा हात तिने काढला नाही, पण पकड सैल पडल्याचं त्याला जाडजूड कोटातूनही जाणवलं. आपल्याच फाटकाशी ती थांबली. "थंडी फार आहे," ती म्हणाली. "आत चल, पाणी पी भरपूर."

"डेल्बर्टचा तो राणीचा विनोद. चांगला होता का तो?"

"फारसा नाही."

"मग घरी का नाही हसत तू?"