कोऱ्या प्लेटवरची सही

ग्वाल्हेरात बायोटेक शिकलेल्या पोरीने पुढे करायचं काय, हे एम.एस्सी.च्या दोन वर्षांत सीमंतिनी करकरेला कुणी विचारलं नाही. पदवी हातात पडल्यावर मात्र जो तो विचारू लागला. सिटी सेंटरमध्ये या विषयाचे क्लास चालतात, नोकऱ्या नाहीत. शेवटी एक सापडली ती डबरा गावाच्या रस्त्यावर, दौलतसिंहांच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, दोन फ्रीज आणि काचेची एक खोली. तिथे हरभऱ्याच्या बियाण्याला लावायचं जिवाणूखत बनतं. गुळाच्या पाण्यात कालवायचं, बी माखायचं, सावलीत वाळवून पेरायचं. पाकिटातले जिवाणू जिवंत असले तर पीक जोम धरतं, मेले असले तर ती नुसती काळी भुकटी. जिवंत की मेलेले, हे सांगणारं अख्ख्या पंचक्रोशीत एकच माणूस, सीमंतिनी.

रुजू होताना दौलतसिंहांनी तिची मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली होती. "रिवाज है, बेटी." त्याला पाच वर्षं झाली.

आता हैदराबादच्या एका कंपनीने तिला निवडलं होतं. सोमवारी मूळ कागद दाखवले की नोकरी पक्की. कंपू मोहल्ल्यातल्या घरी तिच्या आईने, राजलक्ष्मीबाईंनी, बॅगसुद्धा भरून ठेवली. "अगं, मागून तर बघ! हैदराबादवाले काय तुझ्यासाठी रुकून राहणार आहेत?"

मागायला जीभ रेटत नव्हती, कारण गेल्या ऑक्टोबरातली ती सही.

तेव्हा पेरणी तोंडावर आली होती आणि चार दिवस वीज गेली. फ्रीज बंद. सीमंतिनीने नेहमीसारखी चाचणी लावली. प्लेटवर जिवाणूंचे पांढरे ठिपके उगवायला हवेत, तर प्लेट कोरी! तिने फोटो काढून दौलतसिंहांना पाठवला. ते म्हणाले, "गुड़ का पानी पीकर जाग जाएँगे." मेलेला जिवाणू गुळाने उठत नाही, हे काय तिला ठाऊक नव्हतं? पण गाड्या भरून उभ्या होत्या आणि ती वाद घालून घालून दमली होती. आधीच्या खेपेचा जिवंत जिवाणूंचा आकडा अहवालात उतरवून तिने सही ठोकली. हरभरा खुरटला. लोकांनी हवामानाला बोल लावला, सीमंतिनी गप्प बसली. त्या गप्प बसण्याची तिला अजून लाज वाटते.

शनिवारी ती मनाचा हिय्या करून केबिनमध्ये गेली. दौलतसिंहांनी जराही आढेवेढे घेतले नाहीत. उठले, कपाट उघडलं, फाईल तिच्या हातात दिली. पाच वर्षं ज्या कपाटाकडे ती चोरून बघत आली, त्याला कुलूपच नव्हतं. फाईलमध्ये सगळे कागद जसेच्या तसे होते. सगळ्यांत खाली तिच्या सहीचा तो अहवाल, आणि त्याला टाचलेला कोऱ्या प्लेटचा फोटो.

"यह भी आपका ही है. कॉपी हमने रख ली है," ते अगदी मायेने म्हणाले. मग यंदाच्या खेपेचा अहवाल त्यांनी तिच्यापुढे सरकवला, आकडा भरलेला, सही तेवढी बाकी. यंदाची प्लेटही कोरीच होती, सकाळीच पाहिली होती तिने.

सीमंतिनीने फाईल मिटली. मग तिने फाईल परत कपाटात ठेवली, होती तिथेच, नीट.

"पेन दीजिए," ती म्हणाली.

दौलतसिंहांनी टोपण काढूनच पेन तिच्या हातात दिलं.