साहेब आमच्या घरी जेवले नाहीत

"मावशी, तुमचं ते आत ठेवा. साहेबाले बाहेरचं चालत नाही."

साहेबांचा पी.ए. माझ्या मायला म्हणाला. आमच्याच घरात. साहेब येणार म्हणून मायने पहाटे उठून गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजले होते, वांग्याची भाजी केली होती. ते बाहेरचं.

साहेब म्हणजे आमच्या भागाचे माजी आमदार. निवडणूक आली की ते एखाद्या गरिबाच्या घरी जेवतात आणि त्याचा फोटो निघतो. या खेपेला आमचं घर निवडलं, कारण मी त्यांच्या अकोल्याच्या बंगल्यावर स्वयंपाकाला होते. त्या सकाळी मला डबा करायला सांगितला. पोळ्या, दोडक्याची भाजी, फिकं वरण. कोणासाठी, हे मी विचारलं नाही. मग म्हणाले, गाडीत बस, तुझ्याच गावाला जायचं आहे. मी हरखून गेले. साहेब मायच्या हातचं खाणार!

आणि आमच्या घरात तोच डबा उघडला. ताट बंगल्याचं, पाणीही बंगल्याचं.

माय म्हणाली, "सायेब, गरम हाय. एक तरी घ्या ना."

पी.ए. हसला. "पोट बिघडलं तं प्रचार कोन करन, मावशी? तुमी?"

सगळे हसले. साहेबही.

फोटोवाला म्हणाला, "मावशी, पयी घ्या हातात. वाका जरा. वाढल्यासारखं करा."

मायने रिकामी पळी धरली आणि वाकली. ताटाला पळी लागू नये म्हणून हात वरच्यावर धरलेला. "हसा ना मावशी." माय हसली.

"आटपा रे लवकर," साहेब म्हणाले, "माशा हायेत इथं."

मी दारात उभी होते. का बोलले नाही, तेही सांगते. बाप गेला, त्याच वर्षी माय आजारी पडली. आठवीत माझी शाळा सुटली. साहेब तेव्हा आमदार होते. त्यांच्या एका फोनवर मायला सरकारी दवाखान्यात खाट मिळाली. माय वाचली. हे खरं आहे. आजही खरं आहे. मग त्यांनी मला बंगल्यावर ठेवून घेतलं. मी त्यांच्या फोटोला रोज नमस्कार करायची.

त्यांची आमदारकी मी स्वयंपाकघरातून पाहिली. निवडून आले तेव्हा चहाचं पातेलं चुलीवरून उतरत नसे. लोक फाटकापर्यंत उभे. दुसऱ्यांदा आले तेव्हा बंगल्याला मजला चढला, आणि लोकांना चहा फाटकाबाहेर, कागदी कपात. मग पडले. पातेलं लहान झालं. पण घरात "माजी" म्हणायची बंदी होती. फोनवर माझ्या तोंडून एकदा निघालं, तर बाईसाहेबांनी दिवसभर माझ्याशी बोलणं टाकलं. मी माफी मागितली. मला वाटायचं, चूक माझीच.

संध्याकाळी तालुक्याला सभा होती. पी.ए.नं मला स्टेजवर नेलं. "साहेब आमच्या घरी मायच्या हातचं जेवले, एवढंच बोलजो. ज्यादा अक्कल नको चालवू."

माइक हातात आला. दवाखान्यातली खाट आठवली. मग मायचा तो वर धरलेला हात आठवला.

मी म्हणाले, "साहेब आमच्या घरी जेवले नाही. डबा बंगल्याचा होता, मीनंच बनवला होता. मायच्या हातात रिकामी पयी होती. तिच्या रोडग्याले कोनं हात लावला नाही."

मागून कोणीतरी ओरडलं, "मंग रोडगे गेले कुठी वो बाई?"

"घरी हायेत," मी म्हणाले. "तुमी या."

लोक हसले. या वेळी मायला नाही हसले. माइक बंद झाला.

"साहेबानं तुया मायले जगवलं," पी.ए. स्टेजमागे म्हणाला, "अन् तू त्यायचीच इज्जत काढते?"

बंगल्यावरचे माझे कपडे मला फाटकाबाहेर मिळाले.

मायने शाबासकी दिली नाही. "कायले बोलली वो? मी सोसलंच होतं ना. आता मले या गावात रायचं हाय." ती अजूनही नीट बोलत नाही.

साहेब पुन्हा पडले. माझ्यामुळे नाही, एवढी मोठी मी नाही. मी आता नांदगाव पेठेत कपड्याच्या कंपनीत शिलाई करते. खोलीत अजून तिघी आहेत. माय गावात एकटी. तिकडे तिला कोणी काही बोललं असेल का, ही धास्ती रोज असते.

परवा पी.ए.चा फोन आला. "साहेब पुन्हा उभे राहून राहिले. मोठ्या मनाचे हायेत. सभेत माफी माग, कामावर परत ये. तुया मायचंबी भलं होईन."

मायचं नाव त्यानं कशासाठी घेतलं, ते मला कळलं. ती धमकीच होती.

दवाखान्याचे उपकार मी नाकारत नाही. ते मी त्यांची भांडी घासून फेडले आहेत. मायचं वाकणं त्यात धरलेलं नव्हतं.

मी त्याला सांगितलं, "सभा लावा. मी येईन. माइक द्या, मी तेच बोलन. नाही देला, तं खालून बोलन."