शेषरावची पट्टी

हिवरखेडच्या शेषरावनं एकोणतीस वर्षं अकोटच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये रुईच्या गठाणीला, म्हणजे गासडीला, पट्ट्या ओढल्या. बाहेरच्याला हे काम सोपं वाटतं. रुई पेटीत पडते, यंत्र तिला दाबतं, आणि ती दाबलेली असतानाच दोन माणसांनी समोरासमोर उभं राहून लोखंडी पट्ट्या तिच्याभोवती आवळायच्या. एका गठाणीला आठ पट्ट्या. पट्टी सैल राहिली तर यंत्र उघडताच रुई फुगते, पट्टी तुटते, आणि तुटलेली पट्टी समोर कोण आहे ते पाहत नाही. आवळून झाली की टोकाला दोन घड्या घालून ते आत दाबायचं. वरून हात फिरवला तर बोटाला टोक लागता कामा नये. शेषरावच्या हातची गठाण गोदामात लांबून ओळखू यायची.

समोरच्या बाजूला नबी असायचा. तोही हिवरखेडचाच. एवढ्या वर्षांत ‘थांब’ आणि ‘ओढ’ यापलीकडे दोघं कामावर फारसं बोलले नाहीत. बोलायला दम उरत नसे.

दोन हजार सात सालच्या हंगामात कापूस कमी आला. शिवारात काही बरं चाललं नव्हतं, आणि ते जिनिंगच्या फाटकावर गाड्या मोजल्या तरी कळायचं. तीन पाळ्यांची एक पाळी झाली. भोंगा सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा वाजू लागला. माणसं कमी करायची बोलणी सुरू होती. त्यातच एक पट्टी तुटली आणि तिच्या टोकानं शेषरावच्या उजव्या पायाचा अंगठा मुळाशी चिरला. त्यानं हळद भरली, फडकं आवळलं आणि पाळी पुरी केली. लंगडणारा माणूस पहिला कमी होतो, हे त्याला ठाऊक होतं.

पंधरा दिवसांनी पाय चपलेत मावेना. तेव्हा नबीनं त्याला अमरावतीला नेलं. नबीची मुलगी कहकशाँ तिथं शिकली होती आणि एका दवाखान्याच्या तपासणी-खोलीत कामाला होती. पू, रक्त, थुंकी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. डॉक्टरांनी पाय पाहिला, रक्त तपासलं. शेषरावला साखरेचा आजार निघाला. किती वर्षांपासून होता कोण जाणे.

“पाय वाचवायचा प्रयत्न करू,” डॉक्टर म्हणाले. “पण लाली घोट्याच्या वर चढली तर गुडघ्याखाली कापावा लागेल. मग माझ्या हातात काही राहणार नाही.”

कापलेल्या पायाचा माणूस प्रेसवर उभा राहू शकत नाही. शेषरावला दुसरं काही येत नव्हतं. त्यानं मान डोलावली.

औषध त्यानं काम समजून घेतलं. गोळीची वेळ चुकवली नाही. चहातली साखर सोडली, भात सोडला, कामावर सुट्टी टाकून पाय उशीवर ठेवून पडून राहिला. पडून राहण्यानं तो जास्त थकला. बायको मनकर्णाबाई रोज पाणी उकळून थंड करायची, जखम धुवायची आणि दवाखान्यात दाखवलं होतं तशी पट्टी बांधायची.

“हे काय बांधनं झालं?” शेषराव म्हणायचा. “अख्खं बोट जाऊन राहिलं अंदर.”

“नर्सबाईनं सांगतलं तसंच बांधलं मी. सैल ठेवा म्हने.”

“नर्सबाईनं कधी गठाण पाह्यली काय?”

“तुमचा पाय म्हंजे काय गठाण आहे?”

“मंग काय आहे? फुगून राहिला ना तो? फुगते त्याले आवळा लागते.”

ती भांडी घासायला गेली की तो पट्टी सोडायचा आणि नव्यानं बांधायचा. बोटांपासून घोट्यापर्यंत, प्रत्येक वेढा ओढून, सगळे एकसारखे. टोकाला दोन घड्या घालून आत दाबायचा. मग पाय बधिर व्हायचा, ठणका कमी वाटायचा. त्याला वाटायचं, उतार पडतोय. मनकर्णाबाई पाहायची, पण अडवायची नाही. एवढं नीट काम तिला जमत नव्हतं, हेही खरंच होतं.

दर शुक्रवारी अमरावती, एकट्यानं. बस अंजनगावला थांबली की शेषराव पट्टी सोडून नर्सबाईसारखी सैल बांधायचा. त्यात त्याला लपवाछपवी वाटत नव्हती. नर्सबाईनं मनापासून दाखवलेलं आपण मोडलं हे तिला दिसू नये, एवढंच. दवाखान्यात पोचेपर्यंत कातडीवरचे वळ पुसट व्हायचे. उरलेले सुजेचे वाटायचे.

पाच शुक्रवार गेले. साखर खाली आली. पाय तसाच, लाल आणि गरम. लाली घोट्यापासून दोन बोटं खाली राहिली होती.

डॉक्टरांना उलगडेना. कहकशाँलाही उलगडेना. तिनं पू काचेवर घेतला होता. जंतू जवळजवळ नव्हते. औषधानं आपलं काम केलं होतं. पण जंतूंशी लढायला येणाऱ्या पांढऱ्या पेशी ढिगानं होत्या, आणि एव्हाना मरून जायला हव्या होत्या त्या धडधाकट होत्या.

सहाव्या शुक्रवारी नबी सोबत होता. दर्यापूरच्या अलीकडे बस बंद पडली. त्याआधी अंजनगावला ती थांबलीच नव्हती. उशीर भरून काढायचा होता. मागून लगेच आलेल्या दुसऱ्या बसमध्ये उभ्यानं जावं लागलं. उभ्या माणसाला पायाची पट्टी सोडता येत नाही. नबीच्या खांद्याला धरून शेषराव थेट दवाखान्यात शिरला. डॉक्टर आतल्या खोलीत होते. पू घ्यायला कहकशाँ आली, खाली बसली, आणि पायाकडे पाहतच राहिली.

“काका, ही पट्टी कोणी बांधली?”

“तुह्या काकूनं.”

“काकूनं नाही.” तिनं टोकावरून बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही. “माझ्या शाळेच्या पुस्तकांना अब्बू असंच कव्हर घालायचे. डब्याचं फडकंही असंच. दोन घड्या, टोक आत. काकू प्रेसवर होती का?”

नबी पाहत होता. “अबे शेषराव,” तो म्हणाला, “तू पायाले पट्टी ओढली?”

कहकशाँनं पट्टी सोडली. खाली आठ वळ होते, एकसारख्या अंतरावर. बोटं पांढरी पडली होती.

“रोज?”

“सैल कसं ठेवू माय? सैल काम मले येत नाही.”

ती रागावली नाही. स्टूल ओढून समोर बसली.

“काका, त्या पांढऱ्या पेशी आहेत ना, त्यांना हवा कळते. रक्तातून येणारा ऑक्सिजन. जिथं ऑक्सिजन कमी, तिथं त्यांना वाटतं लढाई चालू आहे. म्हणून त्या तशा जागी जास्त जगतात. आग ओकत राहतात, सूज धरून ठेवतात. जंतू संपले तरी. मग आपलंच मांस जाळतात. रक्त नीट आलं, ऑक्सिजन आला, की त्या आपोआप मरतात आणि दुसऱ्या पेशी येऊन झाडलोट करतात. तुमच्या नळ्या साखरेनं आधीच अरुंद झाल्या. त्यावर तुम्ही हे.”

शेषरावनं एका वळावरून बोट फिरवलं.

“म्हंजे त्याहिले भोंगा ऐकू गेला नाही,” तो म्हणाला. “पाळी सुटली हे कोनी सांगतलंच नाही.”

“असंच समजा.”

“आन् भोंग्याच्या तोंडात बोळा म्या कोंबला.”

यावर नबी हसला, पण लवकरच थांबला.

डॉक्टर आले. त्यांनी सगळं ऐकलं, शिरेवर बोट ठेवून ठोका पाहिला. “आठ दिवस देतो,” ते म्हणाले. “पट्टी फक्त तुमची बायको बांधेल. तुम्ही हात लावायचा नाही. लाली उतरली नाही तर पुढच्या शुक्रवारी कापायच्या तयारीनं या.”

एकोणतीस वर्षांत शेषरावनं इतकं अवघड काम केलं नव्हतं. काही न करण्याचं काम. मनकर्णाबाई बांधायची, वेढे वाकडेतिकडे पडायचे, टोक बाहेर लोंबायचं. दुसऱ्या दिवशी पायात रक्त आलं तसा ठणका इतका वाढला की त्यानं दात आवळले. बोटं आपसूक पट्टीकडे जायची. मग तो दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचा.

“दुखते काय?” ती विचारायची.

“दुखते.”

“सोडू?”

“आवळू नको म्हंजे झालं.”

पाचव्या दिवशी जखमेतून पू आला नाही, पाण्यासारखं काहीतरी आलं. त्यानं ते कोणाला सांगितलं नाही. एका दिवसावर त्याचा विश्वास नव्हता.

शुक्रवारी डॉक्टरांनी पायावर बोट दाबलं, उचललं, पुन्हा दाबलं. लाली अर्ध्या पावलापर्यंत खाली आली होती. “अंगठ्याचं टोक जाईल,” ते म्हणाले. “ते मेलेलं आहे. पाय राहील.”

कहकशाँनं काचेवर पाहिलं. जुन्या पेशी बऱ्याच कमी झाल्या होत्या, झाडलोट करणाऱ्या आल्या होत्या. तिनं काकाला आत बोलावून दाखवलं. त्याला जांभळे ठिपके दिसले. “बारीक काम आहे,” तो म्हणाला.

परतीच्या बसमध्ये दोघांना बसायला जागा मिळाली. नबी दमलेला होता. एका दिवसाचं काम बुडवून आला होता.

“तुह्या जागी सूर्यभानले उभं केलं,” तो म्हणाला. “ताकद आहे पोट्ट्यात. पन टोक बाहेर ठेवते. परवा माह्या मनगटाले लागलं.”

“त्याले सांग, दोन घड्या. मंग आत.”

“सांगतलं. ऐकत नाही. तू ये अन् सांग.”

“कधी उभा राहीन ते पाहू दे.”

बस दर्यापूर सोडून पुढे निघाली. शेषरावच्या पायावर दवाखान्यात नर्सबाईनं सैल बांधलेली पट्टी होती. टोक बाहेर आलं होतं आणि बसच्या हादऱ्यानं हलत होतं. त्याचा हात खाली गेला. मग त्यानं तो वर घेतला, समोरच्या बाकाच्या दांडीवर ठेवला आणि डोळे मिटले.