नैवेद्याला नको

मी वळलेल्या मोदकांचं ताट मृणालने उचललं. कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, सिंकच्या बाजूला नेऊन ठेवलं. मग मदतीला येणाऱ्या मुलीला इंग्रजीत म्हणाली, "हे ऑफिसच्या पार्टीला जाऊ देत. नैवेद्याचे मी नव्याने करते."

मी तिथेच उभी होते. बोटांना उकड चिकटलेली. मी रत्नागिरीत जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, हे मृणालला माहीत होतं. तरी इंग्रजीत म्हणाली. मला कळावं, पण मला सांगावं लागू नये.

मुलांनो, आजीला तिकडची थंडी सोसली नाही म्हणून ती परत गेली, असं तुम्हांला सांगितलेलं आहे. ते खरं नाही. खरं काय ते लिहिते. क्रमाने लिहिते, कारण अर्धवट सांगितलेल्या गोष्टीचा लोक हवा तो अर्थ लावतात.

आजोबा गेले तेव्हा तुमच्या बाबांनी मला कायमचं कॅनडाला बोलावून घेतलं. रत्नागिरीतलं मांडवीचं घर मी बंद केलं. पहिल्याच हिवाळ्यात तुमच्या दाराबाहेरच्या बर्फावरून पाय सरकला. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटं मिटेनात. तुमची आई ऑफिसला जायच्या आधी माझ्या स्वेटरची बटणं लावून द्यायची. दिवसभर मी त्या घरात बटणं लावलेली बसून असायची. खिडकीतून दिसायचं ते बर्फ, आणि ते उचलणारी गाडी.

व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली, पीठ मळत जा, बोटं आपोआप वळतील. तुमच्या बाबांनी मृणालला विचारलं. मृणाल पुण्याची. तिकडे मराठी घरांना डबे पुरवायची. तिच्या नवऱ्याच्या शब्दाने तुमच्या बाबांना नोकरी लागली होती. मृणाल म्हणाली, "अहो, काकूंना येऊ द्या की. मला कोकणातला हात हवाच होता."

मी जाऊ लागले. सुरुवातीला नुसता नारळ खवायची, डाव्या हाताने. मग पोळ्यांची कणीक. मग उकड. बोटं थोडी थोडी मिटू लागली. एका सकाळी माझी बटणं माझी मी लावली. तुमच्या आईने बघितलं आणि टाळी वाजवली. त्या देशात मला माझी म्हणून एवढीच जागा होती. तो कट्टा, ती उकड.

गणपती जवळ आले. मोदकांच्या ऑर्डरी आल्या. मोदकाच्या कळ्या पाडायला अंगठा आणि दोन बोटं नीट जुळावी लागतात. माझी जुळत होती. मृणाल येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची, "बघा आमच्या काकूंचे मोदक! मनगट मोडलेलं होतं, खरं वाटतं का?"

अशीच एक बाई डबा न्यायला आली. माझं बोलणं ऐकून थांबली.

"अगो बाई, तुम्ही आमच्याकडच्याच! आमचं लांजा. तुमचं कुठचं?"

"माहेर पाली. सासर रत्नागिरी."

"हो काय? मग तुमच्याकडे किती दिवसांचा? आमचा गौरीबरोबर जातो."

हा प्रश्न कोकणात कुणीही कुणाला विचारतं. दीड दिवसाचा, पाच दिवसांचा, गौरीबरोबर जाणारा. एवढं सांगितलं की माणसं पुढच्या गप्पांना लागतात. आपलं आडनाव गावावरून पडलेलं. त्या आडनावाची सगळ्या जातींची माणसं सापडतात. मृणाल ते ऐकून तिला हवं ते धरून चालली होती. मला तिने कधी विचारलं नव्हतं. मीही कधी खोटं बोलले नव्हते.

"आमच्याकडे गणपती नसतो," मी म्हणाले. "आम्ही बौद्ध."

ती बाई हसत होती ती हसतच राहिली, पण डोळे माझ्या हातातल्या मोदकावर उतरले. "असं होय," म्हणाली. डबा घेतला. दाराशी मृणालला बाजूला घेऊन काहीतरी बोलली. मग मृणालने ताट उचललं.

मला पालीचं अंगण आठवलं. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. गणपतीत आम्ही पोरं वरच्या आळीत अंगणाच्या कडेला उभी राहायचो. खिरापत वरून ओंजळीत टाकायचे. हाताला हात लागू नये म्हणून. निम्मी जमिनीवर सांडायची, ती आम्ही वेचून खायचो. माझ्या बाबांनी एकदा ते बघितलं. घरी आणलं, हातपाय धुवायला लावले आणि म्हणाले, "परत त्या अंगणात जायचं नाय. गूळखोबरं आपल्या घरात हाय." आईने लगेच नारळ फोडला. मोदकाचं सारण मी प्रथम खाल्लं ते त्या दिवशी. त्याला गणपती लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी कामाला गेले. मृणाल गोड बोलत होती.

"मावशी, तुमचा हात अजून नाजूक आहे हो. मोदकांचं मी बघते. तुम्ही आपली भांडी तेवढी मशीनला लावा."

कालपर्यंत मी काकू होते. आणि ज्या हाताला मोदक झेपणार नव्हता, त्या हातात तिने कढई दिली. लोखंडी. मी ती घेतली. खरंच घेतली. मनगटातून कळ गेली, दुसरी कढई घेतली. तुमच्या बाबांची नोकरी माझ्या डोळ्यांसमोर होती. तिसरी घ्यायला वाकले तेव्हा मला मी दिसले. अंगणात वाकून खिरापत वेचणारी.

मी कढई खाली ठेवली. दोन गिऱ्हाइकं समोर उभी होती.

"माझा हात बरा आहे, मृणाल. तुला काय दुखतंय ते सांग."

ती लाल झाली. "अहो, असं काय करता? मी असलं काही मानत नाही. पण लोकांच्या भावना असतात ना."

"मग पार्टीला गेलेले माझे मोदक परत माग. त्या लोकांनाही भावना असतील."

मी कोट घातला. बटणं माझी मी लावली, सगळी, सावकाश, तिच्यासमोर. आणि निघाले.

घरी तुमचे बाबा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. डोकं धरून बसले. म्हणाले, "आई, दीड दिवसाचा म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?"

याच मुलाला मी हातात पाटी देऊन शिकवलं होतं. त्याच्या आजोबांनी, माझ्या बाबांनी, त्याला त्या अंगणाची गोष्ट सांगितली होती. मला त्याच्याशी भांडावंसं वाटलं नाही. तेव्हाच मला कळलं की आता माझं तिथे काही उरलेलं नाही. तिकीट काढायला सांगितलं.

इथे मांडवीला येऊनही हात पूर्ण बरा झाला नाही. काम सुटलं, बोटं पुन्हा आखडली. थोडं लिहिलं की पेनही धरवत नाही. एकटी असते. तुम्ही येऊ असं म्हणता, पण येत नाही.

यंदा गणपतीत तुम्ही व्हिडिओवर फोन धरलात. मागे मखर, दिव्यांची माळ. मृणाल आणि तिचा नवरा आरतीला आलेले दिसले. धाकट्याने ओरडून सांगितलं, "आजी, आपला गणपती दीड दिवसाचा!"

बाळा, तुझी चूक नाही. ज्यांच्याकडे तो असतो, त्यांच्याकडे तो श्रद्धेने येतो. आपल्या घरी तो भीतीने आला आहे. तुझे बाबा बदलतील असं मला वाटत नाही. तुम्ही हे वाचाल की नाही, तेही माहीत नाही. मराठी अक्षरं तुम्हांला जड जातात. म्हणून हेच मी इंग्रजीतही लिहून ठेवणार आहे.

पुढच्या वर्षी तुम्ही फोन धराल, तेव्हा मी हसून हात जोडणार नाही. विचारेन, हा कुणाच्या भीतीने आणलात? तुमच्या बाबांसमोर विचारेन. मृणाल बसलेली असेल तर तिच्यासमोर, इंग्रजीत. फोन ठेवलात तर परत लावेन. जिवंत असेपर्यंत दर वर्षी विचारेन.