चाळीस डॉलर जास्त

सिडनीच्या स्कोफिल्ड्स भागातलं आमचं भाड्याचं घर मालकाने विकायला काढलं, तेव्हा मुलगी दुसरीत होती. तिची शाळा बदलायची नव्हती, म्हणून घर तिथेच शोधत होतो. दर शनिवारी इन्स्पेक्शन. एकेका घरासमोर तीस-चाळीस जणांची रांग, बहुतेक आपल्यासारखेच, इस्त्रीच्या कपड्यांत. दहा मिनिटांत घर बघायचं, एजंटशी गोड बोलायचं, घरी येऊन अर्ज भरायचा. सात अर्ज परत आले. दोघांचे पगार असूनही घर का मिळत नाही, हे पुण्यात आईला फोनवर पटवता येत नव्हतं.

दोन गल्ल्या पलीकडे माझी एक मैत्रीण राहायची. इथेच झालेली ओळख, पण बाळंतपणात तिच्यासोबत मीच होते. तिचंही भाडं एकदम वाढलं होतं, आणि पाच महिन्यांचं बाळ घेऊन तीही घर शोधत होती.

एक दिवस तिचा फोन आला. "अगं, स्टेशनजवळ एक घर निघालंय. अजून साइटवर टाकलेलं नाही, एजंटने मला आधी सांगितलं. तूही चल बघायला."

आम्ही बरोबरच गेलो. घर छान होतं. मागच्या खोलीत ऊन येत होतं. ती बाळाला खांद्यावर घेऊन तिथे बराच वेळ उभी राहिली.

संध्याकाळी अर्ज भरताना नवऱ्याने विचारलं, "मागितलंय त्यापेक्षा भाडं जास्त लिहू या का थोडं? आठवड्याला वीस डॉलर?"

"चाळीस लिही," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे बघितलं. "तिलाही हवंय ना ते?"

"आपल्याकडे दोनच आठवडे उरलेत," मी म्हणाले. त्याने आकडा टाकला.

घर आम्हाला मिळालं. मैत्रिणीला मी फक्त एवढंच म्हटलं, "लक लागलं गं." सामान हलवलं त्या दिवशी ती पोळ्या आणि वांग्याची भाजी घेऊन आली. मुलगी म्हणाली, "Mum, this is so yum." मी भूक नाही म्हणून खोके उघडत बसले.

दोन महिन्यांनी तिच्या नवऱ्याने पार उत्तरेकडच्या डार्विन शहरातल्या हॉस्पिटलमधली नोकरी धरली. सिडनीत परवडेना, असं तिने सरळ सांगितलं. मी पॅकिंगला गेले होते. भांडी कागदात गुंडाळता गुंडाळता अखेर तोंड उघडलं.

"त्या घराला आम्ही जास्त भाडं लिहिलं होतं. तुला न सांगता."

ती हातातलं पातेलं गुंडाळत राहिली. "माहितीये. एजंट बोलला होता."

"मग विचारलं का नाहीस?"

"काय विचारू? मीही वीस जास्त लिहिले होते."

हसावं की काय, कळेना. तीही हसली नाही. बाळ रडायला लागलं तशी ती उठून आत गेली, आणि मी उरलेली भांडी एकटीने गुंडाळली.

आता फोन होतात, पण महिन्या-दोन महिन्यांनी. तिकडच्या उकाड्याबद्दल, मुलांबद्दल बोलतो. मागच्या महिन्यात आमच्या मालकाने भाडं पुन्हा वाढवलं. तिने विचारलं, "घर कसंय?" मी म्हणाले, "मस्त."