कानातलं मेणाचं बूच

विहिरीत काही पडलं की हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावच्या आसपासची माणसं आमच्याच दारात यायची. लग्न झाल्यापासून बघते, आमचे मालक बुडी मारण्यात पटाईत. घागर असो, पाण्याच्या मोटारीच्या नळाची तळातली झडप, फुटवाल, असो, तळाचा गाळ चाचपून वर आणायचे.

सन नव्वदच्या आसपास एका हिवाळ्यात विहिरी तुडुंब होत्या. खोल गेलं की त्यांचा डावा कान ठणकायचा. वर आले की भिंत धरून उभे राहायचे. "कानात कुणी खिळा ठोकून राहिलंय," म्हणायचे. माझं डोकं नको तिथं चालतं. पाणी शिरतं म्हणून दुखतं, असं मीच ठरवलं आणि मधाच्या पोळ्याच्या मेणात कापूस मळून दोन्ही कानांना बुचं केली. दुखणं वाढलं. मी डाव्या कानाचं बूच आणखी जाड केलं.

तिसऱ्या दिवशी मालक एक फुटवाल काढायला पाच पुरुष, म्हणजे तीसेक फूट, खोल पाण्यात उतरले. कमरेला दोर होता, त्याचं टोक काठावरच्या माणसांच्या हातात. त्यांनी खालून एक हिसका दिला की वर ओढायचं, असं ठरलेलं. हिसका आलाच नाही. बुडबुडे भलत्याच कोपऱ्यात दिसले, मग तेही थांबले.

"ओढा!" मी किंचाळले.

वर आले तेव्हा डाव्या कानातून रक्त येत होतं. "वर कुठं अन् खाली कुठं, तेच कळंना," एवढंच बोलले आणि ओकले.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी त्यांना उजव्या कुशीवर निजवलं, डावा कान तपासला आणि हळू आवाजात मला झापलं. "बूच घालून कुणी खोल जातं का? बुचाआड हवा कोंडली, त्यानंच पडदा फाटला. गार पाणी आत गेलं, म्हणून चक्कर."

मालकांचा चांगला कान उशीत दबलेला होता. "काय म्हणले?" उठून त्यांनी विचारलं.

"थेंब लिहून दिले," मी म्हणाले. भित्री मेली!

त्यांची बुडी सुटली, डावा कान गेला. पण गावभर सांगत राहिले, "हिच्या बुचानं वाचलो."

दहा-बारा वर्षांनी तांड्यावरचा एक बाप्या आला. आता विहिरीत तोच उतरायचा. "काकू, माझाबी कान ठणकून राहिला. काका म्हणले, तुमच्याकडून बुचं घे."

मालक ओसरीवर बसले होते, कौतुकानं माझ्याकडे बघत.

"बूच घालू नको बाबा," मी म्हणाले. "ह्यांचा कान माझ्या बुचानंच गेला."

मालकांनी मान वळवून उजवा कान पुढं केला. "काय म्हणलीस? मला आयकू आलं न्हाई."

सवयीनं मी त्यांच्या डाव्या हाताला उभी होते. मी उजवीकडं गेले आणि परत सांगितलं.